अर्धं ओढलेलं शटर

कोथरूडमधल्या एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

ताईंचं वय ४७. सासूबाईंनी १९९४ साली घरच्या ओट्यावर सुरू केलेलं पोळी-भाजी केंद्र आता एका गाळ्यात आहे. चार बायका कामाला आहेत आणि दिवसाला साडेसहाशेच्या आसपास पोळ्या होतात. काउंटरवरची गिऱ्हाइकं बरीचशी जुनी आणि वयस्कर आहेत. तीन वर्षांपासून हिंजवडीतल्या एका ऑफिसला रोज ६० डबे जातात. मागच्या वर्षी मुलाच्या आग्रहानं केंद्र डिलिव्हरी अ‍ॅपवर आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोजचा मेनू जातो आणि सकाळी सहापासून मेसेज सुरू होतात. मुलाला आता क्लाउड किचन, म्हणजे फक्त डिलिव्हरीसाठीचं स्वयंपाकघर, काढायचं आहे, रील्स टाकायचे आहेत. १९ वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशी म्हणतात, "ती ऑर्डरची घंटा वाजली की छातीत धडधडतं. दिवाळीनंतर मी काही येत नाही." ऑफिसचे पैसे दोन-सव्वादोन महिन्यांनी येतात, म्हणून किराणा भरायला ताईंनी पाटल्या गहाण टाकल्या आहेत. त्या पहाटे चारला उठतात, रात्री साडेअकराला आडव्या होतात, आणि दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. मागच्या महिन्यात शेगडी चालू राहिली आणि त्या शटर ओढून घरी निघाल्या. अर्ध्या वाटेत आठवलं, धावत परत आल्या, शेगडी बंद केली आणि तांदळाच्या पोत्यावर बसून रडल्या. शेवटी लिहितात, "मला बदल झेपत नाही. मुलगा म्हणतो तसं काळाबरोबर जायला हवं, पण माझ्यात ते नाही. सगळं त्याच्यावर सोपवून बाजूला होऊ, की केंद्रच बंद करू?"

ताई,

शेगडीचा प्रसंग मी दोनदा वाचला. तो कुणालाच सांगितला नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला सांगितलात, बरं केलंत. पण आज रात्री घरात कुणाला तरी सांगा, नवऱ्याला किंवा मुलाला. त्यांना घाबरवायला नको, पण गाळा बंद करताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला का हे बघणारं दुसरं माणूस आजपासूनच ठरायला हवं. बाकी सगळं त्यानंतर केलं तरी चालेल.

आता तुमचं ते वाक्य, "मला बदल झेपत नाही." तुमचंच पत्र त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. २०१६ च्या नोटाबंदीत सुटे पैसे मिळेनात, तेव्हा सासूबाई नको म्हणत असताना तुम्ही काउंटरवर मोबाइलनं पैसे घ्यायला लागलात. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, तेव्हा पिशव्या बंद करून 'घरून डबा आणा' असं सांगायला लागलात आणि लोक आणायलाही लागले. मेट्रोसाठी रस्ते खोदले गेले, गिऱ्हाईक तुटलं, तुम्ही टिकलात. २०२० च्या टाळेबंदीत, मुलं परदेशी असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात तुम्ही डबे ठेवून आलात. हे सगळं तुम्ही कुठल्याशा कोपऱ्यात दोन-दोन ओळींत उरकलंय, जणू ते सांगण्यासारखं नाहीच. ज्या बाईनं एवढं केलं तिला बदल झेपत नाही, हे मी मान्य करणार नाही.

मला पत्रात वेगळंच दिसलं. तुम्ही प्रत्येक नवी गोष्ट घेतलीत आणि जुनी एकही खाली ठेवली नाहीत. काउंटर तसाच, त्यावर ऑफिसचे डबे, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप, त्यावर अ‍ॅप. माणसं मात्र तेवढीच आणि तवेही तेवढेच. सासूबाई दुपारी दीड ते चार शटर अर्धं ओढून आत चटईवर पडायच्या, असं तुम्ही लिहिलंय. ते अर्धं ओढलेलं शटर कधी बंद झालं, याची तारीखसुद्धा तुम्हाला आठवत नाही. मला वाटतं, तुमची झोप त्याच सुमाराला जायला लागली असेल.

दुपारच्या त्या विश्रांतीवरून पुण्याला कायम चिडवलं जातं. चितळे बंधूंनी २०१७ च्या जुलैपासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तर त्याची बातमी झाली. मुलगा कदाचित तोच दाखला देईल. पण मोठं दुकान दिवसभर उघडं राहतं ते पाळ्यांवर. सकाळची माणसं घरी जातात, दुसरी येतात. तुमच्याकडे पहिली पाळी तुम्ही आहात आणि दुसरीही तुम्हीच.

मी एका छापखान्यात वाढले, म्हणून हे मला जवळून माहीत आहे. नारायण पेठेत वडिलांची ट्रेडल, म्हणजे जुन्या पद्धतीचं छपाईयंत्र, होती, अक्षरांचे खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर होते. ऑफसेट हे छपाईचं नवं तंत्र आलं तेव्हा वडिलांनी कर्ज काढून एक जुनं मशीन घेतलं, पण ट्रेडलही चालू ठेवली, खिळ्यांच्या केसेसही ठेवल्या, आणि दोन्हीकडची कामं घेत राहिले. एकाही जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा. चार-पाच वर्षांत पोटात व्रण झाला. लोक म्हणायचे, यांना नवीन जमत नाही. त्यांना नवीन उत्तम जमत होतं, दोन्ही एकदम जमत नव्हतं. शेवटी त्यांनी ट्रेडलला एकच काम नेमून दिलं, पावतीपुस्तकांना नंबर घालायचे आणि फाडायच्या रेघा मारायच्या. हे काम ट्रेडल ऑफसेटपेक्षा सोयीनं करते. कंपोझिटरकाका ते निवृत्त होईपर्यंत करत राहिले आणि छपाई सगळी ऑफसेटवर गेली. जुनं मोडीत निघालं नाही, त्याला त्याची जागा मिळाली. हे त्यांनी पाच वर्षं आधी केलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहिते आहे.

आता हिशेब. आकडे तुम्हीच दिलेत, मी फक्त शेजारी शेजारी मांडले. कच्चा माल, गॅस आणि मजुरी धरून थाळी तुम्हाला ७८ रुपयांना पडते. काउंटरवर ती ११० ला जाते, हातात ३२ राहतात. अ‍ॅपवर तिची किंमत १५०, पण कमिशन, कर आणि सवलत कापून तुमच्या खात्यात १०१ येतात. त्यातून डब्याचे ९ वजा केले की ९२. म्हणजे हातात १४ रुपये. रोज संध्याकाळी अ‍ॅपच्या पस्तीसेक थाळ्या जातात, म्हणता. पस्तीस गुणिले चौदा, चारशे नव्वद. साडेसातपासून साडेदहापर्यंत ती घंटा, मावशींची धडधड, काउंटरवर ताटकळलेले आजोबा, आणि त्याचे रात्री चारशे नव्वद रुपये. त्यात तुमची स्वतःची मजुरी तुम्ही कुठेच धरलेली नाही.

अ‍ॅप बंद करा असं मी म्हणत नाही. मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे. काउंटरवरची पिढी दरवर्षी थोडी कमी होत जाणार. कोथरूडमध्ये खोली घेऊन राहणारी, नोकरी करणारी मुलं रांगेत उभी राहणार नाहीत, ती फोनवरच मागवणार. पण दोन्ही रांगा एकाच वेळी एकाच तव्यावर येतात, ही अडचण स्वयंपाकघराची आहे. मावशींची तक्रार मी म्हणूनच फार गंभीरपणे घेईन. तुम्ही लिहिलंत, 'त्यांनाही नवीन नको आहे.' तसं नसावं. घडीची पोळी घाईनं होत नाही. कणीक तिंबलेली असली तरी प्रत्येक पोळीला लाटायला, भाजायला तिचा वेळ लागतो. काउंटरवरचा माणूस समोर उभा असतो, त्याला 'काका, पाच मिनिटं' म्हणता येतं. घंटेला म्हणता येत नाही. मावशी तुम्हाला तुमच्या धंद्याबद्दल एक पक्की माहिती देताहेत.

तेव्हा अ‍ॅपवर तव्याचा पदार्थच ठेवू नका. मसालेभात, मुगाची खिचडी आणि कढी, वरणभात, कोशिंबीर असं पातेल्यातून वाढता येईल तेवढंच ठेवा. किंमत अशी लावा की सगळं कापून निदान काउंटरइतकं हातात पडेल. त्यामुळे ऑर्डरी कमी झाल्या तर होऊ द्या. अ‍ॅपवर पदार्थ बंद करता येतात आणि वेळाही ठरवता येतात. मुलाला हे माहीत असेल. मात्र वेळ आधीच ठरवून टाका. गर्दी झाली की मध्येच बंद करायचं, असं नको. त्यात मागवणाऱ्याचीही चिडचिड होते आणि तुमचीही.

आता ऑफिसच्या डब्यांकडे येते. पत्रात तुम्ही अ‍ॅपबद्दल दीड पान लिहिलंय आणि याबद्दल चार ओळी. मला मात्र रात्री दोनला जाग येण्याचं कारण इथे दिसतं. ६० डबे, १२० रुपयांनी, दिवसाचे ७,२०० रुपये. पैसे ७० दिवसांनी येतात, म्हणजे मधले सुट्टीचे दिवस सोडून साधारण पन्नास दिवसांचे डबे उधारीवर. तीन लाख साठ हजार. ताई, एवढी रक्कम तुम्ही कायमची एका कंपनीला बिनव्याजी वापरायला दिली आहे आणि स्वतः मात्र पाटल्यांवर व्याज भरताय. वाण्याला रोख द्यायचे, बायकांचे पगार सातला, आणि आपले पैसे सव्वादोन महिन्यांनी. कुणालाही धाप लागेल. याला बदलाची भीती म्हणत नाहीत, याला उधारी म्हणतात.

यावर कायदा आहे आणि तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी केंद्राची 'उद्यम' नोंदणी हवी. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन देऊन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना देऊ नका. नोंदणी आधीची आणि पुरवठा नंतरचा असला की पुढे वाद उरत नाही, म्हणून हे याच आठवड्यात करा. मुलाला सांगा, हे काम तो एका बैठकीत करेल.

मग नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि ऑफिसच्या हिशेब विभागातल्या माणसाशी शांतपणे बोला. त्याला एक गोष्ट आठवण करून द्या: २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे तुमचं बिल अडकलं तर त्यांचाही कर वाढू शकतो. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर काम होतं. तुम्ही म्हणाल, ते डबेच बंद करतील. शक्यता आहे. म्हणून आधीच पर्याय घेऊन जा: दर पंधरा दिवसांनी बिल, पैसे महिन्याच्या आत. हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यापासून ३० डबे करा. ही नोकरी नाही, तुम्हालाही अटी घालता येतात. सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते, पण चालू गिऱ्हाइकाच्या बाबतीत तो शेवटचा उपाय ठेवा.

मुलाबद्दल लिहिताना तुमचा सूर थोडा ओशाळलेला वाटला, जणू तो पुढे चाललाय आणि तुम्ही त्याला मागे खेचताय. मला तसं दिसलं नाही. कल्पना त्याच्या आहेत आणि मनगटं तुमची. अ‍ॅपवर नाव त्यानं नोंदवलं, पण पस्तीस थाळ्या वाढतं कोण? तेव्हा सोपवायचं असेल तर खरोखर सोपवा. अ‍ॅपची वही वेगळी. संध्याकाळी वाढायला आणि पॅकिंगला एक माणूस त्यानं लावायचा, त्याचा पगार त्याच वहीतून निघाला पाहिजे. तीन महिन्यांनी दोघांनी मिळून वही बघायची. स्वतःच्या पायावर उभं राहत असेल तर क्लाउड किचनबद्दल बोलू. दुसरी जागा घेतली तर तिची एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची) नोंदणी वेगळी करावी लागते, भाडं वेगळं, गॅसची सोय वेगळी, हे सगळं त्याच वहीत मांडायला लावा. त्याला हिरमुसल्यासारखं होईल, पण वर्षभरानं हीच वही त्याला सगळ्यात जास्त शिकवेल. वाद होऊ नये म्हणून वाक्यच देते: "तुझी कल्पना मला पटते. पण ती माझ्या झोपेवर चालते आहे. ती तुझ्या माणसांवर चालव, मी स्वयंपाक शिकवते."

सगळं सोपवून बाजूला व्हायचं का, याचं उत्तर मी आत्ता देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. एवढ्या थकव्यात घेतलेला निर्णय सोपवण्याचा नसतो, सुटण्याचा असतो. केंद्र बंद करण्याबद्दलही तेच. तो पर्याय वाईट नाही. तीस वर्षं चाललेलं काम सन्मानानं थांबवणं यात कमीपणा काहीच नाही. पण आधी दोन महिने नीट झोपा, अडकलेले पैसे मोकळे करा, आणि मग विचार करा. तेव्हाही बंदच करावंसं वाटलं, तर मनात किंतु न ठेवता करा.

व्हॉट्सअ‍ॅपचं सोपं आहे. धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सअ‍ॅप मिळतं, त्यात ठरावीक वेळेनंतर आपोआप उत्तर जायची सोय असते. 'उद्याची ऑर्डर आज रात्री आठपर्यंत' एवढं लिहून ठेवा. तो फोन गाळ्याचा, तो गाळ्यातच चार्जिंगला राहायचा. तुमच्या उशाशी नाही.

आता तुमच्या तब्येतीबद्दल. तुम्ही ते 'वयाचं असेल' म्हणून सोडून दिलंय. असेलही. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी जायच्या सुमारास झोप मोडते, घाम येतो, मन उगाच भरून येतं. पण थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब यांनीही असंच होऊ शकतं आणि ते साध्या तपासण्यांत कळतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि 'थकवा आहे' एवढंच न सांगता रात्री दोनची जाग, विसरलेली शेगडी, रडू येणं हे सगळं सांगा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असंच खाली राहिलं, कशातच गोडी वाटेनाशी झाली, किंवा नको ते विचार यायला लागले, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनलाही फोन लावता येतो.

आणि दुपारचं शटर. दीड ते चार. ऑफिसचे डबे गेलेले असतात, संध्याकाळच्या भाजीला अजून वेळ असतो. बायकांनाही त्या वेळात पाठ टेकू द्या. दोन-तीन गिऱ्हाइकं परत जातील, पण ती पुन्हा येतील. तीस वर्षं येताहेत.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. नाहीतर माझं पत्र हेच तुमच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं होईल. या आठवड्यात तीनच कामं: शेगडीचं घरी सांगणं, उद्यम नोंदणी, आणि दुपारचं शटर. अ‍ॅपचा मेनू पुढच्या आठवड्यात. ऑफिसशी बोलणं त्यानंतर.

मावशींशी मात्र आधी बोला. पगाराचा विषय काढायच्या आधी त्यांना विचारा, "तुमच्या मते संध्याकाळी काय कमी करायला हवं?" एकोणीस वर्षं त्या तव्यासमोर उभ्या आहेत, त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. संध्याकाळचा काउंटर त्यांच्या ताब्यात देता येईल का, तेही पाहा, आणि दिला तर त्याचे पैसे वाढवून द्या. त्या हो म्हणतील असं मला वाटतं, कारण जुन्या गिऱ्हाइकांना त्याच नावानिशी ओळखतात.

गणपती तोंडावर आले आहेत. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी तुम्ही दरवर्षी आदल्या रात्रीपर्यंत घेता, असं लिहिलंय. यंदा मावशींबरोबर बसून एक आकडा ठरवा, चौघींच्या हातून नीट होतील तेवढाच. तो आजच फळ्यावर लिहा. आकडा भरला की काउंटरवर पाटी लावा, 'मोदकांच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या आहेत.' आणि दिवाळीच्या फराळाचा आकडाही त्याच बैठकीत ठरवून ठेवा.